सहल आणि परतीची वाट



व्याख्यानाचा विषय 'सहल' असा कळल्यावर काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने पगार, बोनस, कामाचे तास ह्यांविषयी बोलावे; सहलीशी त्याचा काय संबंध? परंतु आठवड्याची सुट्टी ही कामकरी माणसाने भांडून मिळवलेली गोष्ट आहे. त्या सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन कुठे जातो आणि सुखरूप परत येतो की नाही, हाही म्हणून आमच्या आस्थेचा विषय ठरतो. शिवाय आज मी ज्या प्रकारच्या मृत्यूविषयी सांगणार आहे, त्याची ठळक ओळख जगाला कामगारांच्या प्रेतांवरून झाली. ते पुढे येईलच.

एका दिवसाच्या सहलीचा एक विशेष आहे. तीर्थयात्रेला निघालेला माणूस वळकटी बांधतो, शिधा घेतो, चार दिवस अधिक लागतील असे धरून चालतो. एका दिवसाच्या सहलीला निघालेला माणूस असे काहीच करीत नाही. सकाळी निघायचे, दुपारी तिकडे खायचे आणि रात्री आपल्या घरी आपल्या अंथरुणावर निजायचे, एवढाच त्याचा हिशेब. पोरांच्या अंगात पातळ स्वेटर, पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे, गाडीच्या टाकीत जाण्यायेण्यापुरते पेट्रोल. ही सगळी आखणी एकाच गृहीतावर उभी असते, आणि ते म्हणजे परतीची वाट मोकळी राहील. ते गृहीत खोटे ठरले म्हणजे काय होते, हे आपल्या शेजारच्या देशात २०२२ सालच्या जानेवारीत दिसून आले. ती हकीकत आधी सांगतो, मग तिची कारणमीमांसा करू.

पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मरी नावाचे थंड हवेचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फूट उंच. आपल्याकडे महाबळेश्वर किंवा तिकडे शिमला, तशा जातीचे हे गाव इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवले. १८७६ साली पंजाब सरकारचा उन्हाळी मुक्काम शिमल्यास हलला, तोपर्यंत तो मान मरीकडे होता. रावळपिंडी आणि इस्लामाबाद ही मोठी शहरे तेथून साठ-सत्तर किलोमीटरवर. त्यामुळे हिवाळ्यात बर्फ पडू लागले, की ह्या शहरांतली मध्यम स्थितीतील कुटुंबे गाडी काढून बर्फ पाहायला मरीला जातात. मुले बर्फाचे गोळे करतात, फोटो निघतात, गरम चहा होतो आणि मंडळी परत फिरतात. वर्षानुवर्षे हे चालत आले होते.

२०२२ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडू लागले आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक लोक तिकडे लोटले. त्या देशाच्या हवामानखात्याने ५ जानेवारीस पुढील काही दिवसांत जोराची हिमवृष्टी होईल, असा इशारा दिला होता. त्याच सुमारास केंद्र सरकारचे माहितीमंत्री फवाद चौधरी ह्यांनी जाहीर केले, की मरीमध्ये सुमारे एक लाख गाड्या पोहोचल्या आहेत, हॉटेलांची भाडी चढली आहेत, आणि सामान्य माणसाची मिळकत वाढल्याचे हे लक्षण आहे. ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. वादळ येत आहे, हे सरकारच्या एका खात्याला ठाऊक होते. माणसे किती जमली आहेत, हे दुसऱ्या खात्याला ठाऊक होते. परंतु हे दोन आकडे एका टेबलावर आणून 'आता फाटक बंद करा' असे वेळेवर म्हणणारा कोणी निघाला नाही.

शुक्रवार, ७ जानेवारीच्या रात्री वादळ आले. अधिकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे चार फुटांच्या आसपास बर्फ पडले. झाडे उन्मळून रस्त्यांवर आडवी झाली. हजारो गाड्या जेथल्या तेथे थिजल्या. शनिवारी सकाळी लष्कर आणि मदतपथके पोहोचली, तेव्हा बर्फात बुडालेल्या गाड्यांच्या काचांतून आत माणसे बसलेली दिसत होती, पण हालचाल नव्हती. किमान बावीस माणसे त्या रात्री गेली. त्यांत दहा मुले होती. एका कुटुंबातील आठही जण एका गाडीत मृत सापडले. ज्यांचे घर साठ किलोमीटरवर, मोटारीने दोन तासांवर होते, ती माणसे रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्याच गाडीत मेली.

आता पहिला प्रश्न असा, की एवढ्या गाड्या अडकल्या कशा? बर्फ तर त्या डोंगरात दरवर्षी पडते. ह्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. घाटाचा रस्ता म्हणजे जेमतेम दोन गाड्या शेजारून जातील एवढा. सपाटीवर वापरायचे टायर ओल्या बर्फावर पकड धरीत नाहीत. चढावर एक गाडी घसरून आडवी झाली, की तिच्या मागची थांबते. मागचे लोक कंटाळून दुसऱ्या बाजूने पुढे घुसू पाहतात. त्यामुळे उतरणाऱ्यांची बाजूही बंद होते. बर्फ मात्र पडतच असते. तासाभरात ते चाकांच्या निम्म्यापर्यंत येते आणि मग पुढची गाडी हलली तरी मागची हलू शकत नाही. बर्फ हटवणारी यंत्रे असतात; पण ती रस्त्यावरूनच यायची, आणि रस्ता गाड्यांनी भरलेला. म्हणजे बर्फ काढल्याखेरीज गाड्या हलत नाहीत आणि गाड्या हलल्याखेरीज बर्फ काढता येत नाही. ही गाठ एकदा पक्की बसली, की ती त्या रात्री कोणाच्या बापाला सुटत नाही. जे काही करायचे ते गाठ बसण्यापूर्वी करायचे असते. रस्त्याची क्षमता, येणाऱ्या वादळाचा जोर आणि वर चढलेल्या गाड्यांची संख्या, ह्या तिन्हींचा मेळ बसत नाही असे दिसताच पायथ्याशी वाहतूक रोखणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

नंतर जी सरकारी चौकशी झाली तिच्यात असे आढळले, की बर्फ हटवणारी यंत्रे निरनिराळ्या ठिकाणी पेरून ठेवण्याऐवजी बहुतेक एकाच जागी उभी होती आणि त्यांवरचे चालक व कर्मचारी कामावर हजर नव्हते. पंधरा अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. ही बातमी वाचून पुष्कळांनी चालकांना शिव्या घातल्या असतील. मी माझ्या धंद्याच्या सवयीने आणखी काही विचारतो. त्या चालकांची पाळी कोणी लावली होती? रात्रपाळीला बदली माणूस नेमला होता काय? यंत्रात डिझेल भरून, कोणत्या वळणावर उभे राहायचे असा लेखी हुकूम त्यांच्या हातात होता काय? यंत्र विकत घेतले म्हणजे व्यवस्था झाली, असे मानणारे कारभारी सगळ्या देशांत आहेत. यंत्राचे उद्घाटन होते, फोटो निघतो. पण ते मध्यरात्री चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची, जागेची आणि पाळीची तरतूद कागदावरच राहते. व्यवस्था म्हणजे यंत्र, माणूस आणि हुकूम ही तिन्ही एकत्र, एका जागी, वेळेवर असणे होय.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गाडीत बसलेली माणसे मेली कशाने? आपल्या मनात पहिले उत्तर येते, थंडीने. काही जणांच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु पुष्कळांचा मृत्यू थंडीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइड नावाच्या वायूने झाला असावा, असे तेथील डॉक्टरांनी व मदतपथकांनी सांगितले. हा वायू काय आहे, हे प्रत्येक गृहस्थाने आणि गृहिणीने समजून घ्यावे, कारण तो बर्फातच भेटतो असे नाही.

कोळसा, लाकूड, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, काहीही जळताना हवा पुरेशी मिळाली नाही, की अर्धवट ज्वलनातून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. हा विषारी वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हमालाच्या पाठीवर एकदा भलतेच ओझे बांधून टाकले म्हणजे खरा माल उचलायला पाठ रिकामीच नाही, तशी रक्ताची अवस्था होते. माणूस श्वास घेतो, छाती वरखाली होते, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आरंभी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग गुंगी येते. घाटाच्या प्रवासात ही सगळी लक्षणे 'गाडी लागली' म्हणून खपून जातात. आणि दमलेल्या माणसाला गुंगी म्हणजे झोपच वाटते. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्यांच्या अंगात विष लवकर भिनते. आई समजते, बाळ निजले.

आता बर्फात अडकलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. बाहेर हाडे गोठवणारा वारा. आत चार-पाच माणसे, काचा घट्ट बंद, उबेसाठी इंजिन चालू ठेवलेले. इंजिनाचा धूर मागच्या सायलेन्सरच्या नळीतून बाहेर जातो. ती नळी जमिनीपासून फार तर फूटभर उंच. बर्फ साचत साचत तिच्या तोंडावर आले, की धुराला मोकळी वाट उरत नाही. तो गाडीच्या बुडाखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरू लागतो. इंजिन कुरकुर न करता चालू असते, हीटरची ऊब येत असते, आणि त्या उबेबरोबरच विष येत असते. जी गोष्ट जीव वाचवील म्हणून चालू ठेवली, तीच जीव घेते.

म्हणून उपाय सांगून ठेवतो. गाडी बर्फात अडकली, तर इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचे बर्फ हाताने, पायाने, डब्याच्या झाकणाने, जमेल त्याने दूर करा, आणि बर्फ पडत असेतो पुन्हा पुन्हा करा. इंजिन सलग चालवू नका. तासाला दहाएक मिनिटे पुरे. ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, थंडी वाजली तरी चालेल. सगळ्यांनी एकदम झोपू नका. पाळीपाळीने एकाने जागे राहा. डोके दुखू लागले, मळमळले, की गाडी बंद करून दारे उघडा. उबेसाठी एकमेकांना बिलगून बसा, असतील नसतील ते कपडे अंगावर चढवा. ओले मोजे आणि ओले कपडे आधी काढा, कारण ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. वस्ती अगदी नजरेसमोर नसेल, तर वादळात पायी निघू नका. मरीच्या आसपासच्या रहिवाशांनी त्या संकटात अनेकांना घरात घेतले, अन्न दिले, पांघरुणे दिली. त्याच वेळी काही हॉटेलवाल्यांनी खोल्यांची भाडी भरमसाट वाढवल्याच्या तक्रारीही झाल्या. दोन्ही गोष्टी माणसांनीच केल्या, त्यामुळे त्याबद्दल अधिक बोलत नाही.

बर्फ आपल्या गावात नाही, म्हणून हा वायू नाही असे समजू नका. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर, थंडीत दारेखिडक्या लावून खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार, ह्या प्रत्येक ठिकाणी तोच वायू, तीच झोप आणि तोच मृत्यू आहे. खिडकी उघडी असणे ही चैन नसून ती प्राणाची वाट आहे.

मघाशी मी म्हटले, की ह्या मृत्यूची ठळक ओळख कामगारांच्या प्रेतांवरून झाली. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, की शेकडो माणसे मरत. लोक समजत, की ती भाजून किंवा दगडांखाली सापडून मेली. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने १८९६ साली वेल्समधील एका खाणस्फोटानंतर प्रेते तपासून दाखवून दिले, की बहुतेक माणसे स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेली होती. हा गृहस्थ असा, की वायूचा परिणाम पाहण्यासाठी तो स्वतःच तो हुंगून पाही. खाणीत लहान प्राणी किंवा पक्षी न्यावा, असे त्याने सुचवले. कारण लहान जिवाला हे विष आधी चढते आणि तो कोसळला की माणसांना पळायला अवधी मिळतो. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत नेत असत. ह्याच हॉल्डेनचा मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, हाही थोर शास्त्रज्ञ झाला. तो १९५७ साली भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला.

परंतु मरीच्या हकीकतीशी अधिक जवळचे नाते आहे ते ह्याच्याही आधीच्या एका खाणीचे. इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थंबरलंड परगण्यात हार्टली नावाची कोळशाची खाण होती. खाणीत उतरायला आणि वर यायला उभी विहीर असते, तिला शाफ्ट म्हणतात. ह्या खाणीला अशी विहीर एकच होती. दुसरी खणायची तर पैसे पडतात, म्हणून मालक एकाच विहिरीत लाकडी पडदी घालून भागवीत. हवा आत जायची एका भागातून, बाहेर यायची दुसऱ्या भागातून; माणसांचा पाळणाही त्याच विहिरीतून. १६ जानेवारी १८६२ रोजी सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई मोडली. बेचाळीस टनांच्या त्या तुळईचा निम्मा तुकडा विहिरीत कोसळला, त्याने लाकडी पडदी आणि कडेचे बांधकाम खाली ओढले आणि विहीर बुजून गेली. पाळण्यातून वर येणाऱ्यांपैकी पाच जण मेले. आत १९९ पुरुष व मुलगे अडकले. बाहेरचे लोक सहा दिवस रात्रंदिवस खणत होते. ते पोहोचले तेव्हा माणसे रांगेने बसलेली, एकमेकांना टेकलेली, झोपल्यासारखी आढळली. त्यांना दगड लागला नव्हता. कोंडलेल्या हवेतील ह्याच वायूने ती गेली होती. एकूण मृत्यू २०४.

हार्टलीत आणि मरीत १६० वर्षांचे अंतर आहे. एक कोळशाच्या खाणीतले काम, दुसरी सुट्टीतली मौज. पण रचना पाहिली तर दोन्ही एकच आहेत. आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच; ती बंद पडेल ह्याचा विचार आधी कोणी केला नाही; ती बंद पडली; आणि आत कोंडलेली माणसे वायूने झोपेत मेली. फरक पुढे झाला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. हार्टलीनंतर त्याच वर्षी, १८६२ सालीच, ब्रिटनच्या पार्लमेंटने कायदा केला, की दोन स्वतंत्र वाटा असल्याखेरीज खाण चालवता येणार नाही. आज आपल्याकडील कोळशाच्या खाणींच्या नियमावलीतही दोन वाटांची अट आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या खाणींत उतरणाऱ्या मजुराच्या मागे हार्टलीच्या २०४ माणसांचे बळ उभे आहे. तेव्हाही मालक म्हणालेच असतील, की खर्च परवडणार नाही. पण नियम झाला, कारण खाणकामगार एकत्र होते, त्यांच्या वस्त्या होत्या, त्यांच्या विधवा होत्या, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना त्याच खाणीत उतरायचे होते.

सहलीला निघालेल्या माणसाला अशी संघटना नाही. मरीच्या रस्त्यावरच्या हजारो गाड्यांतील लोक एकमेकांना ओळखत नव्हते. ते एका दिवसापुरते एकत्र आले आणि वाचलेले आपापल्या घरी गेले. मागणी करणारा कोणी राहिला नाही, म्हणून सहलीच्या जागांचे नियम अपघातानंतर होतात आणि थोड्या दिवसांत ढिले पडतात. मरीमध्येही त्या घटनेनंतर दिवसाला आठ हजार गाड्यांची मर्यादा आणि संध्याकाळी पाच ते पहाटे पाच प्रवेशबंदी असे नियम लावण्यात आले. हे नियम काही नवे शास्त्र शोधून काढलेले नव्हते. ते पाच दिवस आधीही लावता आले असते.

येथे दोन आक्षेप येतात आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला असा, की इशारा असताना लोक गेलेच कशाला? आपल्या कर्माने गेले. कारखान्यात बोट तुटलेल्या मजुराविषयीही असेच म्हणतात, की त्याने काळजी घेतली नाही. माणसाने काळजी घ्यावी, हे खरेच. परंतु गावाकडून आलेल्या प्रवाशाला पुढच्या वळणापलीकडे किती गाड्या अडल्या आहेत हे दिसत नाही. पायथ्याच्या चौकीवर उभ्या असलेल्या माणसाला ते कळू शकते. ज्याला अधिक दिसते त्याच्यावर अधिक जबाबदारी, हा साधा न्याय आहे. फाटक उघडे असते तेव्हा प्रवासी समजतो, की ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जायला हरकत नाही असे ठरवले आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. संख्या रोखली तर हॉटेलातला पोऱ्या, घोडेवाला, चहावाला, टॅक्सीवाला ह्यांचे काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. ती आमचीच माणसे आहेत. पण एका दिवशी लाख गाड्या आणि पुढचे दोन महिने भीतीने ओस पडलेला बाजार, ह्यात चहावाल्याचे हित नाही. रोज मोजकी माणसे वर्षभर येत राहिली, तर त्याची चूल अधिक भरवशाने पेटते. अमर्याद गर्दीचा नफा मोठ्यांच्या हाती जातो आणि तिचा धक्का लहानांना बसतो.

मर्यादा घालणे अशक्य आहे असेही नाही. आपल्या हिमाचल प्रदेशात रोहतांग खिंडीकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने प्रदूषणाच्या कारणावरून दैनिक मर्यादा घातली. पुढे ती ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या गाड्या अशी झाली. हिमनदी काळवंडू नये म्हणून जे जमते, ते माणसे मरू नयेत म्हणून का जमू नये? २०२० साली रोहतांगखालून अटल बोगदा सुरू झाला आणि बर्फ सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-नाशिकची कितीतरी कुटुंबे आता मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी परतायच्या बेताने तिकडे जातात. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगदा ह्यांच्या दरम्यान अशाच हिमवृष्टीत शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्या. पोलिसांनी रात्री उभे राहून लोकांना बाहेर काढले, म्हणून त्याची मरी झाली नाही.

आणि आपल्या दाराशीही हेच आहे. केवळ ऋतू निराळा. आपल्याकडे बर्फाच्या जागी पावसाळा आहे. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक होते, तशी पाटीही होती. पाटी लावणे आणि फाटक लावणे ह्यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात ही माणसे मेली.

तेव्हा आपल्यापुरते काय करायचे ते थोडक्यात सांगून पुरे करतो. घाटात, बर्फात, धबधब्याकडे निघताना एक रात्र बाहेर काढावी लागेल असे धरून निघा. माणशी एक घोंगडी, कोरडे मोजे, पाणी, दोन वेळचे खाणे, विजेरी आणि भरलेली टाकी. एवढ्याने गाडी जड होत नाही. हवामानखात्याचा इशारा वाचा आणि तो आपल्यासाठीच आहे असे समजा. 'इतक्या लांब आलो आहोत' हे पुढे जाण्याचे कारण नव्हे. दुपारी अमुक वाजता, जेथे असू तेथून, परत फिरायचे, हे निघण्यापूर्वी ठरवा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती तो हुकूम द्या. पुरुषमंडळी ईर्ष्येने पुढे जातात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गर्दीच्या जागेविषयी तीन प्रश्न नगरपालिकेला, जिल्हाधिकाऱ्याला, आमदाराला विचारा. येथे एका वेळी किती माणसे व गाड्या मावतात, हा आकडा ठरवला आहे काय? तो भरला की फाटक बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्या माणसाला वरिष्ठाच्या फोनची वाट न पाहता तो वापरता येतो काय? वाट बंद पडली तर ती मोकळी करणारी माणसे आणि यंत्रे रविवारी रात्री कोठे असतील? ह्यांची उत्तरे लेखी मागा. एकट्याने मागितली तर मिळणार नाहीत. म्हणून दहा-वीस जणांनी मिळून मागा. खाणकामगारांना दुसरी वाट कोणी दयेने दिली नाही. सहलीला जाणारा नागरिक रोज एकत्र येऊ शकत नाही, हे खरे. पण ह्या मंडपात आज इतकी माणसे एकत्र बसली आहेत. पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे. पहिल्या सरीपूर्वी आपल्या तालुक्यापुरते तरी हे तीन प्रश्न विचारून ठेवावेत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.